जॉन ब्रॅक्स्टन हिक्स

जॉन ब्रॅक्स्टन हिक्स (२३ फेब्रुवारी १८२३, राय, ससेक्स – २८ ऑगस्ट १८९७, लिमिंग्टन, हॅम्पशायर) हे एकोणिसाव्या शतकातील नामवंत इंग्लिश प्रसूतितज्ज्ञ होते. गर्भारपणाच्या संपूर्ण काळात गर्भाशय अधूनमधून आपोआप घट्ट होते आणि पुन्हा सैल पडते, ही गोष्ट त्यांनी अनेक वर्षांच्या निरीक्षणाने प्रस्थापित केली. ही आकुंचने आज जगभर ब्रॅक्स्टन हिक्स आकुंचने या नावाने ओळखली जातात. आडवे आलेले मूल पोटात फिरवण्याची त्यांची पद्धत आणि बाळंतज्वराविषयीचा त्यांचा अभ्यास यांनाही प्रसूतिशास्त्राच्या इतिहासात स्थान आहे.

दिवस भरत आलेल्या स्त्रीला पोटात कळ आली की ती बाळंतकळ आहे की फसवी, हा प्रश्न पडतो. हिक्स यांचे नाव आज प्रामुख्याने या प्रश्नाच्या संदर्भात घेतले जाते. स्वतः हिक्स यांनी मात्र आपले निरीक्षण गर्भधारणेच्या निदानासाठी मांडले होते. त्यांच्या शोधाला नंतर मिळालेला अर्थ आणि त्यांनी स्वतः दिलेला अर्थ यांत असलेला हा फरक त्यांचे कार्य समजून घेताना लक्षात ठेवावा लागतो.

## जन्म आणि शिक्षण

हिक्स यांचा जन्म इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरील राय या छोट्या गावी झाला. त्यांचे वैद्यकीय शिक्षण लंडनमधील गाय्ज हॉस्पिटल या प्रसिद्ध रुग्णालयात झाले. पुढे त्यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग याच संस्थेत गेला. त्यांनी लंडन विद्यापीठाची वैद्यकशास्त्रातील पदवी १८४५ मध्ये आणि एम.डी. ही उच्च पदवी १८५१ मध्ये मिळवली.

त्यांच्या नावाविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. ब्रॅक्स्टन आणि हिक्स ही दोन संशोधकांची नावे असावीत असे पुष्कळांना वाटते. काही लेखनात ही दोन नावे जोडरेघ देऊनही छापली जातात. प्रत्यक्षात हे एकाच व्यक्तीचे नाव आहे. ब्रॅक्स्टन हे त्यांचे मधले नाव आणि हिक्स हे आडनाव होय.

## सूक्ष्मदर्शकाखालील संशोधन

पदवी मिळाल्यानंतर हिक्स यांनी लंडनच्या उत्तरेकडील टॉटनम येथे खासगी वैद्यकी सुरू केली. वैद्यकीतून सवड काढून ते सूक्ष्मदर्शकाखाली वनस्पती आणि कीटक यांचा अभ्यास करीत. दगडफूल, शेवाळे आणि व्हॉल्व्हॉक्स नावाचे पाण्यातील सूक्ष्म हिरवे जीव हे त्यांच्या आवडीचे विषय होते. कीटकांच्या पंखांवर, तसेच माश्यांच्या पंखांमागील दांडीसारख्या लहान अवयवांवर असणारी संवेदनग्राही इंद्रिये त्यांनी १८५७ मध्ये वर्णिली. कीटकाच्या कठीण कवचावर पडणारा ताण ही इंद्रिये टिपतात आणि उडताना तोल सांभाळण्यास मदत करतात, हे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले.

१८६२ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवडले गेले. त्या वेळी त्यांचे प्रसूतिशास्त्रातील सर्वांत प्रसिद्ध निरीक्षण प्रकाशित होण्यास आणखी दहा वर्षे होती. एखादी लहानशी हालचाल घाई न करता पुन्हा पुन्हा पाहून तिची नोंद ठेवण्याची जी सवय त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी लागली होती, तीच पुढे रुग्णशय्येपाशी उपयोगी पडली.

## तत्कालीन बाळंतपणाची स्थिती

हिक्स यांनी वैद्यकी सुरू केली त्या काळी इंग्लंडमध्ये बहुतेक बाळंतपणे घरीच होत. गरीब वस्त्यांत सुईण किंवा शेजारची अनुभवी बाई बाळंतपण उरकी आणि प्रसंग बिकट झाला तरच डॉक्टरला बोलावणे जाई. गाय्ज हॉस्पिटलचे विद्यार्थी आणि तरुण डॉक्टर आसपासच्या वस्त्यांतील गरीब स्त्रियांची बाळंतपणे त्यांच्या घरी जाऊन करीत.

बाळंतपण अडले तर डॉक्टरच्या हाती फार थोडे उपाय असत. पोट चिरून मूल काढण्याची शस्त्रक्रिया आईच्या जिवावर बेतणारी होती आणि शेवटचा मार्ग म्हणूनच क्वचित केली जाई. जंतूंची कल्पना वैद्यकात अद्याप रुजली नव्हती. जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत १८६७ मध्ये मांडली. क्लोरोफॉर्मचा प्रसूतीत वापर १८४७ पासून सुरू झाला असला, तरी त्यामुळे वेदना कमी होत, धोका कमी होत नसे. रक्तस्राव, अडलेले मूल आणि बाळंतज्वर ही मातामृत्यूची मोठी कारणे होती. हिक्स यांचे प्रमुख कार्य या तीन संकटांभोवतीच गुंफलेले आहे.

## मूल फिरवण्याची संयुक्त पद्धत

मूल गर्भाशयात आडवे असेल तर ते आपोआप जन्मू शकत नाही. अशा वेळी संपूर्ण हात गर्भाशयात घालून मुलाचा पाय शोधायचा आणि मूल पायांकडून बाहेर आणायचे, ही रीत सोळाव्या शतकात फ्रेंच शल्यविशारद आंब्रोआज पारे यांनी पुन्हा प्रचारात आणली होती. परंतु संपूर्ण हात आत जाण्यासाठी गर्भाशयाचे मुख बरेच उघडलेले असावे लागे. तोपर्यंत थांबण्यात वेळ जाई आणि घाई केली तर गर्भाशय फाटण्याचे भय असे.

हिक्स यांनी १८६० मध्ये यावर वेगळा उपाय सुचवला. त्यांच्या पद्धतीत एक हात आईच्या पोटावर बाहेरून ठेवला जाई आणि दुसऱ्या हाताची केवळ एक-दोन बोटे गर्भाशयमुखातून आत जात. बाहेरचा हात मुलाचे एक टोक एका दिशेने ढकली, तर आतील बोटे दुसरे टोक विरुद्ध दिशेने सरकवीत. अशा रीतीने मूल हळूहळू फिरवून त्याचा पाय गर्भाशयमुखापाशी आणता येई. गर्भाशयाचे मुख दोन बोटे मावतील एवढे उघडले असले तरी हे करता येत असल्यामुळे डॉक्टरला पुष्कळ आधी हालचाल करता येऊ लागली. या पद्धतीचे सविस्तर विवेचन करणारे त्यांचे पुस्तक १८६४ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील सिनसिनाटी येथील मार्माड्यूक राइट यांनी याच स्वरूपाची कल्पना १८५४ मध्ये मांडली होती. मात्र युरोपात ही पद्धत हिक्स यांच्या लेखनामुळे रूढ झाली.

या पद्धतीचा सर्वाधिक लाभ वार खाली असलेल्या स्त्रियांना झाला. वार गर्भाशयाच्या वरच्या भागात न रुजता मुखाजवळ किंवा मुखावरच रुजली असेल, तर शेवटच्या महिन्यांत कळा नसतानाही अचानक लालभडक रक्तस्राव सुरू होतो. हिक्स यांच्या पद्धतीने मूल फिरवून त्याचा पाय खाली ओढला, की मुलाचे ढुंगण बोळ्यासारखे वारेवर दाबून बसे आणि रक्त थांबे. यात मूल बहुधा वाचत नसे, परंतु डोळ्यांदेखत रक्तस्रावाने मरणारी आई वाचवण्याचा मार्ग सापडला. सुरक्षित सिझेरियन शस्त्रक्रिया, रक्तसंक्रमण आणि प्रतिजैविके उपलब्ध होईपर्यंत अनेक दशके हा उपाय प्रसूतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत शिकवला जात असे.

## गर्भाशयाच्या आकुंचनांचा शोध

### पार्श्वभूमी

आज गर्भधारणेचे निदान काही मिनिटांत होते. एकोणिसाव्या शतकात ते अतिशय कठीण होते. पाळी चुकणे, उलट्या होणे, स्तनांत बदल होणे, पोट वाढणे ही लक्षणे इतर आजारांतही दिसत. आईला मुलाची हालचाल जाणवणे हे चिन्ह तिच्या सांगण्यावर अवलंबून असे. स्टेथोस्कोपने मुलाच्या हृदयाचे ठोके ऐकता येतात, असे फ्रान्समधील केरगारादेक यांनी १८२१ मध्ये दाखवून दिले होते, पण ते ठोके गर्भारपण बरेच पुढे गेल्यावरच ऐकू येत आणि मूल दगावले असल्यास ऐकू येत नसत.

निदान चुकल्यास त्याचे परिणाम किती भयंकर होत, याचे उदाहरण हिक्स यांच्या किशोरवयातच इंग्लंडभर गाजले होते. १८३९ मध्ये राजदरबारातील लेडी फ्लोरा हेस्टिंग्ज या अविवाहित स्त्रीचे पोट वाढलेले दिसल्यावरून ती गर्भवती असल्याची कुजबूज सुरू झाली. राजवैद्यांकडून तिला अपमानास्पद तपासणी करून घ्यावी लागली. ती गर्भवती नसल्याचे निष्पन्न झाले, तरी बदनामी पुसली गेली नाही. त्याच वर्षी जुलै महिन्यात तिचा मृत्यू झाला आणि शवविच्छेदनात यकृताची मोठी वाढ आढळली. दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच घातक असे. अंडाशयाच्या गाठींवरील शस्त्रक्रिया त्या काळात वाढत होत्या. गर्भाशयाला गाठ समजून पोट उघडले तर माता आणि मूल दोघांच्याही जिवाला धोका निर्माण होई.

### निरीक्षणाची पद्धत

गर्भारपणात गर्भाशय सामान्यतः स्वस्थ असते आणि धक्का, दाब किंवा अन्य कारणाने डिवचले गेले तरच आकसते, असा समज प्रचलित होता. हिक्स यांनी या समजाची परीक्षा घेतली. त्यांनी यासाठी कोणतेही उपकरण वापरले नाही. पोट न चोळता आणि न दाबता, स्पर्श होईल इतकाच हात गर्भाशयावर ठेवायचा आणि तो पाच ते वीस मिनिटे तसाच राहू द्यायचा, एवढीच त्यांची पद्धत होती. डॉक्टरचा हात सामान्यतः काही क्षणच पोटावर राहत असे. तेवढ्या वेळात गर्भाशय घट्ट असले तर घट्टच आणि सैल असले तर सैलच लागे. त्याच्या स्थितीत बदल होतो, हे थांबून पाहिल्याशिवाय कळण्याजोगे नव्हते.

### निष्कर्ष

हिक्स यांचा निबंध लंडनच्या ऑब्स्टेट्रिकल सोसायटीपुढे १८७१ मध्ये आला आणि १८७२ मध्ये संस्थेच्या कार्यवृत्तात छापला गेला. गर्भाशयाच्या कणखरपणातील फरक हाताला कळू लागतो तेव्हापासून, म्हणजे सुमारे तिसऱ्या महिन्यापासून, गर्भाशय आपोआप आकसते आणि सैल होते, असे त्यांनी त्यात मांडले. बहुतेक वेळा हे दर पाच-दहा मिनिटांनी घडते. अर्ध्या तासाइतके मोठे अंतर क्वचितच आढळते. प्रत्येक आकुंचन साधारणपणे दोन ते पाच मिनिटे टिकते. बहुसंख्य स्त्रियांना त्याची जाणीवही होत नाही, कारण ते वेदनारहित असते.

या आकुंचनांचे शारीरिक प्रयोजन काय असावे, याचाही त्यांनी विचार केला. गर्भाशयाच्या भिंतीतील रुंद शिरांमध्ये रक्त साचून राहू नये म्हणून हे आकसणे एखाद्या पंपासारखे उपयोगी पडत असावे, असे त्यांचे मत होते. वाढणाऱ्या मुलाला गर्भाशयात सोयीची स्थिती घेण्यासही त्यामुळे मदत होत असावी, असे त्यांना वाटे.

निदानाच्या दृष्टीने या निरीक्षणाचे मोल मोठे होते. पोटातील गोळा हाताखाली घट्ट आणि सैल होत असेल, तर तो गर्भ धारण केलेल्या गर्भाशयाचा असण्याची शक्यता बळावते. अंडाशयाची गाठ किंवा पोटात साठलेले पाणी असे वागत नाही. हे चिन्ह मुलाच्या हृदयाच्या ठोक्यांवर अवलंबून नसल्यामुळे मूल दगावले असतानाही त्याचा उपयोग होऊ शके. पुढील काळात या चिन्हाच्या मर्यादाही ध्यानात आल्या. गर्भाशयात रक्त साठले असेल किंवा मऊ मांसल गाठ असेल तरी कधीकधी गर्भाशय आकसते. त्यामुळे पाठ्यपुस्तकांत या आकुंचनांची गणना गर्भधारणेच्या संभाव्य चिन्हांत होते, निश्चित चिन्हांत होत नाही.

१९२०च्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅशहाइम आणि झोंडेक यांची मूत्रावर आधारित चाचणी आणि १९५८ मध्ये इयन डोनल्ड यांनी वर्णिलेले ध्वनितरंगांचे चित्रण आल्यानंतर गर्भधारणेच्या निदानासाठी या चिन्हाची गरज उरली नाही. हिक्स यांनी ज्या कामासाठी हे निरीक्षण मांडले होते ते काम अशा रीतीने संपले, तरी त्यांचे नाव दुसऱ्या एका संदर्भात अधिकाधिक प्रचलित होत गेले.

## बाळंतज्वराचा अभ्यास

प्रसूतीनंतर काही दिवसांत येणारा तीव्र ताप, म्हणजेच बाळंतज्वर, त्या काळी असंख्य स्त्रियांचा बळी घेत असे. व्हिएन्ना येथे इग्नाझ झेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये डॉक्टरांना हात धुण्याची सक्ती करून मृत्यूंचे प्रमाण घटवले होते, तरी त्यांचे मत सर्वमान्य झाले नव्हते. हिक्स यांनी आपल्याकडील रुग्णांच्या नोंदी तपासून बाळंतज्वराचा संबंध संसर्गजन्य रोगांशी, विशेषतः लोहितज्वराशी, असल्याचे १८७०च्या सुमारास मांडले. घरात लोहितज्वराचा किंवा विसर्प या त्वचारोगाचा रुग्ण असेल तर बाळंतिणीला धोका असतो, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

बाळंतज्वर झालेल्या स्त्रियांमध्ये साखळीच्या आकाराचे जंतू आढळतात, हे लुई पाश्चर यांनी १८७९ मध्ये पॅरिस येथे सांगितले. लोहितज्वर, विसर्प आणि बाळंतज्वराचे अनेक प्रकार हे एकाच जातीच्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूमुळे होतात, हे त्यानंतरच्या संशोधनातून कळले. हिक्स यांना जंतू माहीत नव्हता, परंतु वरकरणी वेगळ्या दिसणाऱ्या या रोगांतील नाते त्यांनी रुग्णांच्या नोंदींवरून ओळखले होते.

## संस्थात्मक कार्य आणि उत्तरायुष्य

हिक्स यांनी गाय्ज हॉस्पिटलमध्ये प्रसूतितज्ज्ञ आणि अध्यापक म्हणून दीर्घकाळ काम केले. उत्तरायुष्यात ते लंडनमधील सेंट मेरीज हॉस्पिटलशीही संबंधित होते. १८५८ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या ऑब्स्टेट्रिकल सोसायटीचे ते १८७१-७२ या काळात अध्यक्ष होते. या संस्थेने १८७२ मध्ये सुईणींची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र देण्यास सुरुवात केली. इंग्लंडमध्ये सुईणींच्या शिक्षणाला आणि व्यवसायाला कायद्याची चौकट मात्र १९०२ मध्ये मिळाली.

जुन्या वस्तूंचा संग्रह करण्याची त्यांना आवड होती आणि वेजवुड या प्रसिद्ध चिनी मातीच्या भांड्यांचा त्यांचा संग्रह नावाजलेला होता. त्यांचे पुत्र अ‍ॅथेल्स्टन ब्रॅक्स्टन हिक्स हे लंडन परिसरात कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी, होते. पैसे घेऊन तान्ही मुले सांभाळण्याच्या नावाखाली त्यांचा जीव घेणाऱ्यांविरुद्ध त्यांनी कसोशीने चौकशा केल्या. निवृत्तीनंतर हिक्स लिमिंग्टन परिसरात राहू लागले. तेथेच २८ ऑगस्ट १८९७ रोजी वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

## ब्रॅक्स्टन हिक्स आकुंचने आणि फसव्या कळा

फसव्या कळांची ओळख हिक्स यांच्यापूर्वीच होती. लंडनमधील स्कॉटिश प्रसूतितज्ज्ञ विल्यम स्मेली यांनी १७५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात खऱ्या आणि फसव्या कळांतील फरक सांगितला होता, आणि अनुभवी सुईणींना तो त्याहूनही आधीपासून ठाऊक होता. हिक्स यांनी भर घातली ती वेगळ्या मुद्द्याची. गर्भाशयाचे आकसणे हा बिघाड नसून त्याचा नित्यक्रम आहे, हे त्यांनी दाखवले. दिवस भरत येतात तशी ही आकुंचने अधिक जोरदार होतात आणि स्त्रीला जाणवू लागतात. क्वचित ती दुखतातही. त्यामुळे पुढील पिढ्यांतील डॉक्टरांनी फसव्या कळांना हिक्स यांचे नाव दिले. हिक्स यांच्या मूळ निबंधातील आकुंचने आणि सामान्य बोलण्यातील फसव्या कळा यांचा अर्थ पूर्णपणे एक नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यास उरुग्वेमधील माँतेविदेओ येथे एर्मोहेनेस आल्व्हारेस आणि रोबेर्तो काल्देरो-बार्सिया यांनी गर्भाशयातील दाब उपकरणांनी मोजला. त्यांच्या आलेखांत गर्भारपणातील लहान, स्थानिक लहरी आणि ब्रॅक्स्टन हिक्स यांची मोठी आकुंचने वेगवेगळी दिसून आली. आकुंचनांचा जोर मोजण्याच्या एका एककाला आजही माँतेविदेओचे नाव आहे.

गर्भारपणात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या प्रभावामुळे गर्भाशयाच्या स्नायुपेशी एकमेकींशी फारशा जोडलेल्या नसतात. त्यामुळे आकुंचन विस्कळीत असते आणि गर्भाशयाचे मुख उघडू शकत नाही. दिवस भरत आले की पेशींमधील जोडण्या वाढतात आणि ऑक्सिटोसिन या संप्रेरकाला प्रतिसाद देणारी ग्राहके मोठ्या संख्येने तयार होतात. मग संपूर्ण गर्भाशय एकदिलाने आकसू लागते आणि त्या जोराने मुख पातळ होऊन उघडत जाते. खऱ्या बाळंतकळांची निर्णायक कसोटी म्हणजे गर्भाशयमुखात होणारा हा बदल होय.

### दोहोंतील फरक

फसव्या कळा अनियमित असतात. त्यांतील अंतर कमी होत जात नाही आणि जोरही वाढत नाही. पोट दगडासारखे घट्ट होते, बहुधा समोरच्या बाजूस ताण जाणवतो आणि थोड्या वेळाने तो विरतो. उठून चालल्याने, चालत असल्यास आडवे पडल्याने, कुशी बदलल्याने, पाणी प्यायल्याने किंवा लघवीला जाऊन आल्याने त्या पुष्कळदा थांबतात. दिवसभराचे श्रम, पाणी कमी पिणे आणि भरलेले मूत्राशय यांमुळे त्या वाढू शकतात.

खऱ्या कळा ठरावीक अंतराने येतात. त्यांतील अंतर घटत जाते, प्रत्येक कळ अधिक वेळ टिकते आणि तिचा जोर वाढतो. त्या पुष्कळदा कमरेत सुरू होऊन पुढे ओटीपोटाकडे येतात आणि कळ भरात असताना बोलणेही कठीण होते. विश्रांतीने किंवा जागा बदलल्याने त्या थांबत नाहीत. म्हणूनच एका कळेच्या आरंभापासून दुसऱ्या कळेच्या आरंभापर्यंतचा वेळ घड्याळ लावून तासभर टिपण्याचा सल्ला दिला जातो. पहिल्या खेपेला साधारणपणे दर पाच मिनिटांनी, सुमारे एक मिनिट टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या तर प्रसूती सुरू झाल्याचे मानतात. दुसऱ्या किंवा त्यापुढील खेपेस प्रसूती लवकर होत असल्यामुळे इतका वेळ थांबू नये, असे सांगितले जाते.

### प्रसूती जवळ आल्याची इतर चिन्हे

मुलाचे डोके ओटीपोटात उतरले की पोट खाली आल्यासारखे दिसते. श्वास मोकळा होतो, परंतु लघवीला वारंवार जावे लागते. पहिल्या खेपेला हे बहुधा प्रसूतीच्या दोन ते चार आठवडे आधी घडते, तर पुढील खेपांत कळा सुरू होईपर्यंत घडत नाही. गर्भाशयमुख बंद करणारा चिकट श्लेष्मा सुटून अंगावरून लालसर स्राव जातो. त्यानंतर काही तासांत किंवा काही दिवसांत कळा सुरू होऊ शकतात. पाणमोट फुटली तर पाणी एकदम वाहते किंवा थेंबथेंब गळत राहते. पाणमोट फुटल्यावर कळा नसल्या तरी रुग्णालयात जाणे आवश्यक असते, कारण त्यानंतर संसर्गाचा धोका वाढतो.

काही लक्षणे आढळल्यास कळा खऱ्या की फसव्या हे ठरवण्यात वेळ न घालवता त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी लागते. सदतीस आठवडे पूर्ण होण्यापूर्वी नियमित कळा येणे, लालभडक रक्तस्राव होणे, हिरवट किंवा काळपट पाणी जाणे, मुलाची हालचाल मंदावणे, तीव्र डोकेदुखीसह दृष्टी अंधुक होणे आणि मध्ये सैल न पडता पोट सतत घट्ट व दुखरे राहणे ही ती लक्षणे होत. शेवटचे लक्षण हिक्स यांच्या निरीक्षणाच्या प्रकाशात सहज समजते. निरोगी गर्भाशय आकसल्यानंतर सैल पडते. ते सैल पडत नसेल, तर वार वेळेआधी सुटल्याची शंका घ्यावी लागते.

## मूल्यमापन

हिक्स यांच्या काळात त्यांची कीर्ती प्रामुख्याने मूल फिरवण्याच्या पद्धतीवर आधारलेली होती. ती पद्धत आता इतिहासजमा झाली आहे. वार खाली आहे किंवा मूल आडवे आहे हे आज सोनोग्राफीने आधीच कळते आणि अशा वेळी नियोजित शस्त्रक्रिया केली जाते. बाळंतज्वराविषयीचे त्यांचे विवेचन जंतुशास्त्राच्या प्रगतीत सामावून गेले. आकुंचनांचे निरीक्षण मात्र टिकून राहिले, कारण ते कोणत्याही साधनावर अवलंबून नव्हते आणि प्रत्येक गर्भवती स्त्री ते स्वतःच्या हाताने पडताळून पाहू शकते.

या निरीक्षणामुळे पोट घट्ट होणे म्हणजे काहीतरी बिघडले, ही भीती कमी झाली. वेळेआधी कळा आल्याच्या समजुतीने होणारे अनावश्यक उपचार टाळण्यास त्याचा उपयोग होतो. त्याचबरोबर केवळ नाव ठाऊक असल्यामुळे खऱ्या कळांनाही ब्रॅक्स्टन हिक्स आकुंचने समजून घरी थांबण्याचा धोका असतो, विशेषतः दिवस भरण्यापूर्वी. म्हणून शंका असल्यास गर्भाशयमुखाची तपासणी करून घेणे हाच खात्रीचा मार्ग मानला जातो. प्रसूतिशास्त्राच्या आणि परिचर्येच्या अभ्यासक्रमांत ब्रॅक्स्टन हिक्स आकुंचने हा विषय आजही शिकवला जातो, आणि पोटावर हात ठेवून काही मिनिटे स्वस्थ थांबणे हा गर्भवतीच्या तपासणीचा एक भाग आहे.